जमिनीचा कस आणि शेतीचे परिमाण : कळमनुरी परिसरातील चार कृषिशब्दांच्या आधारे एक विवेचन

१

शेती लहान असावी की मोठी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना जुना आहे. जमिनीचा कस कशाने टिकतो व कशाने जातो, हा प्रश्न मृदाशास्त्राचा मानला जातो. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा दोन वेगळ्या दालनांत शोधली जातात. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र ते एकाच ठिकाणी भेटतात. कारण त्याचे शब्द शास्त्रांच्या विभागणीप्रमाणे पडलेले नसून कामांच्या विभागणीप्रमाणे पडलेले आहेत. 'बेवड', 'कडबा', 'वाफसा' आणि 'धुरा' हे असे चार शब्द होत. ह्यांतील प्रत्येक शब्द जमिनीच्या आरोग्याशी निगडित असलेल्या एकेका पद्धतीची खूण आहे, आणि प्रत्येक पद्धतीस तिचे स्वतःचे असे परिमाण आहे.

ह्या चार शब्दांच्या आधारे कळमनुरी तालुक्यातील शेतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच नमूद करणे सोयीचे होईल : जमिनीचा कस केवळ शेत लहान असल्याने टिकत नाही व केवळ मोठे असल्याने जातही नाही. शेतीतील प्रत्येक कामाचे एक उचित परिमाण असते. ते त्या कामास लाभले म्हणजे कस टिकतो, न लाभले म्हणजे तो हळूहळू झिजतो.

२

कळमनुरी हा हिंगोली जिल्ह्यातील तालुका. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कयाधू ही येथील ओळखीची नदी. ती पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगेवरील ईसापूर धरणाचा लाभ हिंगोली, नांदेड व यवतमाळ ह्या जिल्ह्यांस होतो. तथापि तालुक्यातील पुष्कळशी शेती आजही पावसावरच अवलंबून आहे.

येथील जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून, झालेली काळी माती होय. ह्या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात; म्हणूनच उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायाला चिकटते. नदीकाठी ही माती खोल व भारी असते, तर उतारावर तिचा थर पातळ होत जाऊन खाली मुरूम लागतो. भारी, मध्यम, हलकी, बरड, मुरमाड, चोपण ही जमिनीची प्रतवारी शेतकरी नित्य वापरतो. ही प्रतवारी गावाची किंवा गटाची नसते. एकाच शेताचा खालचा कोपरा भारी आणि वरचा मुरमाड, असे सर्रास आढळते. जमिनीच्या बाबतीत निसर्गाचे परिमाण सातबाऱ्यावरील परिमाणाहून निराळे असते, ही गोष्ट येथेच ध्यानात घ्यावयास हवी.

३

पहिला शब्द 'बेवड'. एक पीक निघाल्यानंतर पुढील पिकासाठी जमिनीची जी स्थिती मागे राहते, तिला बेवड म्हणतात. 'मुगाचा बेवड चांगला', 'हळदीच्या बेवडावर अमुक घ्यावे', असे प्रयोग रूढ आहेत. जर्मन शेतकी परिभाषेत 'फोरफ्रुख्ट' असा शब्द आहे; पण तो पूर्वपिकाचा वाचक आहे. मराठी 'बेवड' पूर्वपिकाचा नव्हे, तर त्याने मागे ठेवलेल्या परिणामाचा वाचक आहे. मुळांनी मोकळी केलेली माती, गळालेला पाला, जमिनीत उरलेली ओल, वाढलेले वा घटलेले रोग, हे सर्व त्या एका शब्दात सामावते. शेत हे एका हंगामाचे नसून हंगामांच्या मालिकेचे असते, ही जाणीव ह्या शब्दामागे आहे.

ही जाणीव टिकावयाची तर पिके अनेक असावी लागतात. पूर्वी ह्या भागात खरिपात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद व रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई, जवस अशी पिके असत. ज्वारीत तुरीचे व कडधान्याचे तास असत. खोल मुळाचे पीक आणि उथळ मुळाचे पीक, नत्र घेणारे पीक आणि नत्र देणारे पीक, अशी जोडी शेतातच जमत असे.

१९८० नंतर मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात सोयाबीनचा प्रसार वाढला. जबलपूरचा 'जेएस-३३५' हा १९९० नंतरच्या दशकातील वाण विशेष रुजला. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठानेही आपले वाण दिले. कमी दिवसांत येणारे, रोख पैसा देणारे व यंत्राने काढता येणारे हे पीक कोरडवाहू शेतकऱ्यास सोयीचे वाटले, ह्यात नवल नाही. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज त्याच्या एक-तृतीयांशही उरलेले नाही. उलट सोयाबीनचे क्षेत्र अलीकडील वर्षांत ४५ लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे. खरीप ज्वारीचे जे प्रदेश होते, त्यांत हा बदल सर्वांत तीव्र झाला; कळमनुरीचा प्रदेश त्यांपैकीच एक.

सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक आहे. ते हवेतील नत्र स्थिर करते. त्यामुळे त्याचा बेवड आपोआप चांगला, असे म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, आणि प्रथिने म्हणजेच नत्र. दाणा बाजारात गेला की स्थिर केलेल्या नत्राचा मोठा भाग त्याबरोबर शेताबाहेर जातो. स्फुरद, पालाश व गंधक हीही जातात. शिवाय वर्षामागून वर्षे तेच पीक घेतल्याने मातीत राहणारे रोग बळावतात. २०२३ साली मराठवाडा व विदर्भात पिवळा मोझॅक आणि मूळकूज ह्यांनी सोयाबीनचे जे नुकसान केले, त्यास हवामान कारण होतेच. परंतु एका विस्तीर्ण प्रदेशात एकच पीक सलग उभे असणे हेही रोगास अनुकूल होते. सोयाबीनच्या पाठीवर सोयाबीनच पेरले जाऊ लागले म्हणजे बेवडाची निवडच संपते.

४

दुसरा शब्द 'कडबा'. ज्वारीचे कणीस कापून घेतल्यावर उरलेली वाळलेली ताटे म्हणजे कडबा. धान्य माणसाचे व कडबा जनावराचे, ही वाटणी ज्वारीच्या ताटातच होत असे. जमिनीच्या आरोग्याचा विचार करताना कडबा हा दुवा निर्णायक आहे. कडबा होता म्हणून बैल होते. बैल होते म्हणून शेण होते. शेण होते म्हणून उकिरडा होता. आणि उन्हाळ्यात उकिरड्याच्या गाड्या शेतात पडत म्हणून मातीला सेंद्रिय द्रव्य मिळत असे.

ही साखळी एका दिवसात तुटली नाही. १९६४ साली 'सीएसएच-१' हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. बुटका, भरघोस दाण्याचा हा वाण अन्नटंचाईच्या त्या काळात मोलाचा ठरला. तो इतका पसरला, की 'हायब्रीड' हे विशेषण मराठीत ज्वारीचेच नाम झाले आणि 'हायब्रीडची भाकरी' हा प्रयोग रूढ झाला. पण बुटक्या ताटाचा कडबा कमी भरला. धान्याचे उत्पादन व चाऱ्याचे उत्पादन ह्यांची फारकत येथून सुरू झाली. सोयाबीनने ती पूर्ण केली. सोयाबीनचे कुटार जनावरे खातात, परंतु ते कडब्याची जागा घेऊ शकत नाही.

२०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. नांदेड-परभणी-हिंगोली पट्ट्यातील लाल कंधारी हा कष्टाळू वंशही ह्याच ओघात सापडला. त्यामागे ट्रॅक्टर हे एक कारण आहे, चाऱ्याचा खर्च हे दुसरे, आणि आटत गेलेले क्षेत्र हे तिसरे. दोन-तीन एकरांच्या धन्यास वर्षभर बैलजोडी पोसणे परवडत नाही. म्हणजे येथे परिमाणाचा प्रश्न प्रथमच स्पष्ट रूप घेतो : शेत एका मर्यादेखाली लहान झाले की जनावर जाते, आणि जनावराबरोबर खत जाते.

जे थोडे शेणखत उरते तेही सर्वत्र सारखे पडत नाही. ज्याच्याकडे विहिरीचे वा कालव्याचे पाणी आहे, तो हळद घेतो. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध असून 'वसमत हळद' ह्या नावास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळद आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि भरपूर शेणखत मागते. साहजिकच विकत मिळणारे खत बागायती तुकड्याकडे ओढले जाते आणि कोरडवाहू रान उघडे पडते.

सेंद्रिय द्रव्याचे मोल ह्या मातीच्या बाबतीत पूर्वीच ओळखले गेले होते. सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे १९२४ पासून जे प्रयोग केले, ते माळव्याच्या काळ्या मातीवरच. तेथील कंपोस्टची रीत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेथे दरवर्षी शेणखत दिलेल्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक आढळतो. त्याच प्रयोगात पुरेशी रासायनिक खते दिलेल्या तुकड्यांचे उत्पन्न शेणखताच्या तुकड्याशी बरोबरी करते, हेही सांगावयास हवे. म्हणजे रासायनिक खत हे शत्रू नव्हे. भारतात १९७० पासून चालू असलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांचा कौलही असाच आहे. अकोला येथे ज्वारी-गहू व परभणी येथे सोयाबीन-करडई ह्या पिकांवर काळ्या मातीत हे प्रयोग झाले. केवळ नत्र देत राहिल्यास उत्पन्न मागे पडते. संतुलित खतांस शेणखताची जोड दिल्यास उत्पन्न व सेंद्रिय कर्ब दोन्ही सुधारतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत जो कर्ब अनेकदा ०.५ टक्क्याच्या आसपास वा त्याखाली घुटमळतो, त्याचे कारण रासायनिक खत आले हे नसून शेणखत गेले हे आहे.

५

तिसरा शब्द 'वाफसा'. पावसानंतर मातीतील जादा पाणी निघून जाऊन ओल व हवा ह्यांचा मेळ बसतो, त्या अवस्थेस वाफसा म्हणतात. भारी काळ्या मातीत ही अवस्था थोडेच दिवस टिकते. त्याआधी औत घातले तर माती दाबली जाते व तिचे थापे पडतात. त्यानंतर घातले तर ढेकळे निघतात. वाफसा ही मातीची अवस्था असली तरी ती वेळेची कसोटी आहे.

बैलजोडी दारात असलेला शेतकरी वाफशाची वाट पाहू शकत असे. आज लहान शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. मृगाचा पाऊस झाला की साऱ्या गावास एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो. त्याची पाळी ज्या दिवशी येते तो त्याच्या शेताच्या वाफशाचा दिवस असेलच असे नाही. नाकारावे तर पाळी जाते. घ्यावे तर ओल्या मातीवर जड चाके फिरतात. त्यातून नांगराच्या फाळाखाली घट्ट थर तयार होतो, पाणी मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत. रोटाव्हेटरने वरची माती भुसभुशीत दिसते. परंतु पुनःपुन्हा भुगा केलेली माती पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहू लागते.

येथे दोष यंत्राचा नाही. ज्याच्या मालकीचे यंत्र आहे तो वाफसा साधू शकतो. दोष आहे तो वेळेवरील सत्ता गमावल्याचा. शेत लहान राहिले, पण त्याचे औत मोठे झाले व परक्याचे झाले. लहान शेताचा जो मुख्य गुण, म्हणजे मातीकडे पाहून काम करण्याची मुभा, तोच त्यामुळे हिरावला गेला.

६

चौथा शब्द 'धुरा'. दोन शेतांमधील बांधास ह्या भागात व लगतच्या विदर्भात धुरा म्हणतात. कृषी गणनेनुसार १९७०-७१ साली महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरांवर आली. धुऱ्यांची संख्या वाढली, पण धुरा अरुंद झाला. त्यावरील बाभूळ, बोर, गवत गेले.

वाटणी करताना प्रत्येक भावास भारी व हलक्या जमिनीचा सारखा हिस्सा मिळावा म्हणून शेत पुष्कळदा लांबट पट्ट्यांत चिरले जाते. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु असा पट्टा उताराच्या दिशेने पडला की औत लांबीने फिरवणे भाग पडते. आडव्या अरुंद वळणांत तिफण वा ट्रॅक्टर परवडत नाही. पेरणीचे तास उताराला धरून पडतात व प्रत्येक तास पाण्याची वाट होतो. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. वरच्या शेतात बांध नसेल तर खालच्या शेतकऱ्याने घातलेला बांध फुटतो. महात्मा फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ह्या ग्रंथात पावसाने वाहून जाणाऱ्या सकस गाळाचा विचार करून जागोजागी ताली-बंधारे घालण्याची सूचना केली होती, आणि ते काम त्यांनी एकेकट्या शेतकऱ्यावर न टाकता सरकारकडून व्हावे असे म्हटले होते. कामाचे परिमाण त्यांनी अचूक ओळखले होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पुष्कळ जमीन वाहून गेली, तेव्हा शासनाच्या मदतीत 'खरडून गेलेली जमीन' असा स्वतंत्र वर्ग करावा लागला. जो थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, तो एका रात्रीत जातो.

७

आता मूळच्या आर्थिक प्रश्नाकडे वळता येईल. १९५० नंतरच्या दशकातील शेती-व्यवस्थापन पाहण्यांच्या आधारे अमर्त्य सेन ह्यांनी १९६२ साली 'इकॉनॉमिक वीकली'मध्ये असे दाखवून दिले, की धारणक्षेत्र वाढत जाते तसे दर एकरी उत्पन्न सामान्यतः घटत जाते. लहान शेतावर घरचे श्रम अधिक पडतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. पुढे ह्या मतावर आक्षेप आले : लहान शेते अधिक सकस जमिनीवर असल्याने तसे दिसत असावे, असे काहींनी म्हटले. जागतिक पातळीवरील अलीकडील अंदाजांनुसार दोन हेक्टरांखालील शेते जगातील अन्नापैकी सुमारे एक-तृतीयांश अन्न पुरवितात. लहान शेत कमी पिकवते, हा समज त्यामुळे टिकत नाही. उलट अतिविस्तीर्ण शेतीही आपोआप सुरक्षित ठरत नाही. १९३० नंतर अमेरिकेच्या मध्य मैदानांत गवताळ जमिनी नांगरून सलग गहू घेतल्यावर जी धुळीची वादळे उठली, ती सर्वश्रुत आहेत.

लहान शेताची ही श्रेष्ठता मात्र सशर्त आहे. घरचे श्रम, घरची जनावरे, अनेक पिके आणि जमिनीवरील दीर्घ हक्क, ह्या चार गोष्टी गृहीत धरून ती उभी राहते. कळमनुरीसारख्या भागात ह्यांतील एकेक गोष्ट निसटत आहे. शेवटच्या गोष्टीचा उल्लेख येथे करावयास हवा. ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या रोख खंडाने, घेतलेल्या जमिनीत शेणखत कोणी टाकत नाही. कारण खताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो आणि ठोका एका वर्षात संपतो. अशा जमिनीचा बेवड पुढच्या माणसाचा असतो.

अन्नाच्या दृष्टीनेही हिशेब सरळ नाही. सोयाबीनचे क्विंटल मोजले तर उत्पादन वाढले असे म्हणता येते. परंतु त्याचे तेल गिरणीत जाते व पेंड मुख्यतः पशुखाद्याकडे वा निर्यातीकडे. घरात येतो तो पैसा. भाकरीची ज्वारी, वरणाची तूर आणि दावणीचा कडबा आता त्या पैशातून विकत घ्यावा लागतो, अथवा शिधापत्रिकेवरील गहू-तांदळाने ताट भरावे लागते. भाव पडला की पीक पिकूनही अन्न कमी पडते.

८

उपायांची दिशा ह्या विवेचनातून आपोआप स्पष्ट होते. पाण्याचे काम पाणलोटाच्या परिमाणावर, म्हणजे धुऱ्यापलीकडे जाऊन, व्हावयास हवे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' ह्या १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित केली. ती आज सोयाबीनसाठी मराठवाड्यात शिफारशीत आहे. वरंब्यावर पीक व सरीतून जादा पाण्याचा निचरा, अशी ती रचना. परंतु सऱ्यांची दिशा उतार पाहून ठरली तरच तिचा खरा लाभ मिळतो; आणि उतार एका शेतापुरता नसतो.

औताचे काम गटाच्या परिमाणावर व्हावे. शेजारच्या आठ-दहा शेतकऱ्यांचे समाईक यंत्र असेल तर पाळी वाफशाप्रमाणे लावता येते, कारण भारी व हलक्या जमिनीचा वाफसा एकाच दिवशी येत नाही. खताचे व बेवडाचे काम मात्र तुकड्याच्या परिमाणावरच राहावयास हवे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या मूळ रचनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीस एक नमुना घेतला जाई. सरासरी धारणेचा विचार केल्यास सात-आठ खातेदारांस एकच उत्तर मिळे. पत्रिकेतील बारा घटक रासायनिक आहेत. पाणी किती मुरते, माती किती दाबली गेली, हे त्यांत येत नाही. मुरमाड कोपरा आणि भारी कोपरा वेगळा ओळखणारी शेतकऱ्याची प्रतवारी ह्या पत्रिकेस पूरक ठरू शकते. परभणीचे कृषी विद्यापीठ व कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र ह्यांच्या शिफारशी शेतापर्यंत पोहोचावयाच्या तर त्या ह्याच शब्दांतून पोहोचतील.

ह्या ठिकाणी भाषेचा प्रश्न केवळ संग्रहाचा राहत नाही. शब्द कोशात उतरवून घेतला म्हणून टिकत नाही. तो ज्या कामाचे नाव आहे ते काम चालू असेल तोवर टिकतो. बैल गेले की वाफसा पाहणारा डोळा उरत नाही, एकच पीक उरले की बेवड विचारणारा कोणी उरत नाही. उलटही तितकेच खरे आहे : जो शब्द अद्याप तोंडात आहे, ती पद्धत अद्याप परत आणता येण्यासारखी आहे. कूळ कायद्याच्या काळात 'कसेल त्याची जमीन' हे वाक्य महाराष्ट्रभर घुमले. त्या वाक्याने जमिनीवरील हक्काचा प्रश्न मांडला. कसणाऱ्याने जमिनीचा कस राखावा, ह्यासाठी त्याच्या हाती पीक, जनावर, वेळ आणि मुदत किती उरली आहे, हा प्रश्न मात्र अद्याप तसाच उभा आहे.